स्टँड लावायचा नाही

अमरावतीत राजापेठेच्या उड्डाणपुलावर मधोमध उभं राहिलं की पायाखालचा रस्ता महापालिकेचा असतो, त्यावरची रहदारी पोलिसांची असते आणि पुलाखालून बडनेऱ्याकडे जाणारे रूळ रेल्वेचे असतात. हा हिशेब मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळला. तोवर माझ्यासाठी ती एकच जागा होती. लहानपणी तिथं रेल्वेचं गेट होतं, आणि गेट पडलं की बाबा स्कूटर बंद करून रुमालानं चष्मा पुसत बसायचे, एवढीच तिची ओळख.

बाबांचा फोटो स्टुडिओ राजापेठ बसस्थानकाजवळच्या एका गल्लीत आहे. पासपोर्ट साइज, शाळांचे ग्रुप फोटो, लग्नं, आणि कुणी गेलं की हार घालायला लागणारा मोठा फोटो, यांवर आमचं घर चाललं. पहिली दोन कामं मोबाइलनं खाल्ली. लग्नं ‘सिनेमॅटिक’वाल्यांनी नेली. हार घालायचा फोटो तेवढा उरला होता. गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी एका सीएच्या ऑफिसातली डेटा एन्ट्री सोडली, हप्त्यावर कॅमेरा घेतला, एक दणकट स्टँड घेतला आणि दुकानाच्या पाटीवर ‘प्री-वेडिंग’ हा शब्द रंगवून घेतला. पेंटरनं ‘वेडींग’ असं दीर्घ लिहिलं. तो पुसायचा राहिला तो राहिलाच.

पहिली ऑर्डर आली ती दर्यापूरचा नवरदेव आणि अकोटची नवरी यांची. फोटो आणि चार मिनिटांचा व्हिडिओ मिळून पस्तीस हजार ठरले. त्याच रात्री नवरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली. राजापेठेच्या पुलावर रात्रीचे दिवे. शकुंतला रेल्वेच्या रुळांवर हातात हात. गाविलगडावर नवरदेव मावळ्याच्या वेशात, हातात तलवार, मागं रंगीत धूर. आणि शेवटी नरनाळ्यावरून ड्रोन वर वर जातो अन् दोघं ठिपक्याएवढी होतात.

मी प्रत्येक ओळीखाली अंगठा दाखवला.

बाबांना यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, “मस्त हाय. धूर कायले पाह्यजे पन?” परवानगीचा शब्द त्यांच्याही मनात आला नाही, माझ्याही नाही. त्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात याशिका गळ्यात अडकवून कितीतरी नवी जोडपी चिखलदऱ्याला नेली होती. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड, रोल संपला की परत. “फोटोले कायची परमिशन, बाई? डोंगर काय आपल्या पाठीवर आनतो का आपन?”

म्हणून मी आणि चुलतभाऊ एका गुरुवारी पहाटे पाचला मोटारसायकलनं जागा पाहायला निघालो. परतवाडा, मग घाट. चुलतभावाच्या पाठीवर स्टँड बंदुकीसारखा आडवा बांधलेला होता. ही उपमा पुढं कामाला येणार आहे.

गाविलगडाच्या वाटेवर जंगल खात्याच्या माणसानं तिकीट फाडलं. ते मी खिशात कोंबलं आणि माझ्या लेखी सगळे सोपस्कार झाले. पहिल्या दरवाज्याशी पहारेकरी बसलेले होते. वयानं बाबांएवढे. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई, स्टँड आत नाय जाऊ देता येत. परवाना हाय का?”

मी तिकीट काढून दाखवलं.

“हे जंगलाचं. किल्ल्याचं दाखवा.”

“दोन असतात का?”

“किल्ला पुरातत्त्ववाल्याइचा, ताई. ज्या जमिनीवर उभा हाय ते जंगल वाघाचं. तुमी कोनाले इचारून आल्या?”

मी बाबांना विचारून आले होते, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

त्यांनी स्टँड आपल्या खुर्चीमागं ठेवून घेतला आणि आम्हाला आत जाऊ दिलं. “हातातल्या कॅमेऱ्यानं काढा फोटो, त्याले कोन नाय म्हनत?” मी चिडले होते. पस्तीस हजारांच्या पॅकेजला हा माणूस आडवा आला, असं मला दिवसभर वाटत राहिलं. तो बरोबर होता हे कळायला आठवडा गेला.

गडाबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. शाळेच्या सहलीत पाहिलेला गड म्हणजे डबा खाल्लेली जागा. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहानं तो बांधवला, पुढं इमादशाहीत त्याची डागडुजी झाली, आणि १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली. किल्लेदार बेनीसिंह त्या लढाईत पडला. दिल्ली दरवाज्यावर दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला आहे, गंडभेरुंड. एका धडाला दोन माना, दोन्ही वेगळ्या दिशांना. पहारेकऱ्यांचं बोलणं ताजं असल्यामुळं मला त्यात एक मान पुरातत्त्वाची आणि एक जंगलाची दिसली. तेवढा एक फोटो मी काढला. आजही दुकानात लावला आहे.

घरी आल्यावर शोधाशोध सुरू झाली, आणि सुरू झाल्यावर कळलं की मी चुकीचा प्रश्न घेऊन निघाले होते. ‘फी किती?’ हा माझा प्रश्न होता. ज्याला विचारावं तो उलट विचारायचा, ‘कशाची?’

किल्ल्यापासून सुरुवात केली. गाविलगड केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं. आमच्या भागाचं मंडळ कार्यालय नागपूरला. चित्रीकरणाचं शुल्क पाहिलं आणि मोबाइल उलटा ठेवला. एका स्मारकाला एका दिवसाचे ५०,००० रुपये, वर १०,००० रुपये परत मिळणारी अनामत. पूर्वी हेच शुल्क ५,००० होतं. माझं अख्खं पॅकेज पस्तीस हजारांचं, त्यात चुलतभावाची मजुरी, पेट्रोल, नवरीचा मेकअप आणि ड्रोनवाल्याचे पैसे. किल्ल्याला साठ हजार भरून नवरदेवाकडून पस्तीस घ्यायचे, हे गणित सीएच्या ऑफिसात चार वर्षं काढलेल्या बाईला सुचण्यासारखं नव्हतं.

नवरदेवाला फोन केला. त्यानं दोन मिनिटांत एक जुनी बातमी पाठवली. “ताई, फोटो तं २०१८ मध्येच फ्री केले.” बातमी खरी होती. २०१८ च्या जुलैत पुरातत्त्व सर्वेक्षणानं अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबरीची जागा सोडून आपल्या स्मारकांच्या आवारात फोटो काढायला मोकळीक दिली. म्हणजे फोटो मोकळे आणि चित्रीकरणाला पन्नास हजार. पण माझ्या कॅमेऱ्यात दोन्हींमध्ये एका बटणाचं अंतर आहे. बटण डावीकडे असलं तर फुकट, उजवीकडे सरकवलं की पन्नास हजार?

याचं उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडलं आणि समजावून दिलं ते दहावी पास बाबांनी.

१९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली १९५९ मध्ये नियम झाले. त्यात दोन वेगळे शब्द आहेत. एक नक्कल घेणं, दुसरं चित्रीकरण. चित्र काढणं, फोटो काढणं, साचा घेणं ही नक्कल. आणि गंमत अशी की हातात धरायच्या, आठ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदीची फिल्म न लागणाऱ्या, स्टँड न लागणाऱ्या आणि कोणतीही खास पूर्वतयारी न लागणाऱ्या कॅमेऱ्यानं घेतलेली हलती चित्रंही नक्कलच. त्याच्यापुढचं सगळं चित्रीकरण, आणि त्याला परवाना.

मी हे जेवताना मोठ्यानं वाचत होते. आठ मिलिमीटर म्हटल्याबरोबर बाबांनी घास खाली ठेवला.

“आठ एमेम? अवं, तो हौशी लोकाइचा कॅमेरा. मुठीएवढा. किल्ली द्याची, अन् पोराइचे वाढदिवस काढाचे. सिनेमावाले पस्तीस एमेम वापरत. त्याले स्टँड पाह्यजे, दिवे पाह्यजे, जनरेटर पाह्यजे, पन्नास मानसं पाह्यजे, त्याइले चहा पाह्यजे.”

“मग?”

“मंग काय. त्याइनं फिल्म नाय मोजली, बाई. मानसं मोजली.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. १९५९ साली कायदा लिहिणाऱ्याला किल्ल्यात किती गोंधळ होणार हे ठरवायचं होतं, आणि त्या काळी फिल्मची रुंदी सांगितली की गोंधळाचा आकार आपोआप कळत होता. आज माझ्या खिशातला फोन सिनेमाच्या पडद्याला पुरेल असं चित्र घेतो आणि फिल्मची रुंदी शून्य. पण ‘स्टँड’ आणि ‘खास पूर्वतयारी’ हे दोन शब्द अजून जिवंत आहेत, आणि पहारेकरी नेमके त्यांच्याच जोरावर खुर्चीत बसलेले होते. त्यांनी कॅमेरा अडवला नव्हताच. स्टँड अडवला होता.

आता मावळ्याचा अंगरखा, भाड्याची तलवार आणि आठ फुटांचा घेर असलेला नवरीचा गाऊन, ही खास पूर्वतयारी नाही असं म्हणायला जीभ रेटेना.

नियमांत अटीही होत्या. स्मारकाला पाणी, तेल, ग्रीस असलं बाहेरचं काही लावायचं नाही. वीज लागली तर जनरेटर लांब ठेवायचा. आलेल्या लोकांच्या फिरण्यात अडथळा आणायचा नाही. वाचताना यातलं एकही मला अन्यायाचं वाटलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. अन्याय असता तर निदान भांडता आलं असतं.

तरीही मी अर्ज भरून पाहायचं ठरवलं. नमुना क्रमांक ९. स्मारकाचा कोणता भाग, किती पात्रं, किती वेळ, चित्रीकरणाचा हेतू काय. इथवर बरं चाललं होतं. पुढं संहितेचा संबंधित भाग तीन प्रतींत जोडायला सांगितला होता. प्री-वेडिंगची संहिता! मी एम. ए. मराठी आहे, नाट्यलेखनाच्या पेपरला बासष्ट मार्क होते. रात्री अकरापर्यंत बसून लिहिलं : ‘दृश्य पहिले. दिल्ली दरवाजा. सकाळ. नायक पायऱ्यांवर उभा आहे. नायिका येते. नायक नायिकेकडे बघतो. नायिका दुसरीकडे बघते. नायक तलवार उपसतो.’ इथं मी अडकले. का उपसतो? समोर कोण आहे? नवरीला फोन करून विचारलं. तीही थांबली, मग म्हणाली, “अशीच. म्यूझिकवर.”

‘संगीताच्या अनुषंगाने,’ असं मी तीन प्रतींत लिहिलं. तो कागद पाठवला नाही. फाइलीत आहे.

जंगलाची बाजू याहून सरळ निघाली, कारण तिथं मला एक माणूस भेटला. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा ठरलेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि त्याचा कारभार अमरावतीतूनच चालतो. आमच्याच गावात वाघाचं ऑफिस आहे हेही मी विसरले होते. तिथं नाही, पण ओळखीतल्या एका निवृत्त वनपालांकडे मी यादी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढला. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं होतं, पोरं शाळेत घालतात तसं.

“कलम अठ्ठावीस,” ते म्हणाले. अभयारण्यात शिरायला परवाना लागतो आणि तो कशाकशासाठी मिळतो याची यादी तिथं आहे. अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, पर्यटन, कायदेशीर कामधंदा. मी गाविलगडाच्या वाटेवर फाडलेलं तिकीट हाही परवानाच होता, पण पर्यटनाचा. २०२२ च्या दुरुस्तीनं फोटोग्राफीच्या जोडीला चित्रपटनिर्मितीही आली, पण अधिवासात कोणताही बदल न करता आणि त्याला किंवा प्राण्यांना अपाय न करता. हा परवाना देणारे राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, आणि तेही नागपूरला. आमच्या विदर्भातलं सगळं शेवटी नागपूरला जाऊन थांबतं, याबद्दल वऱ्हाडी माणसाला वेगळं काही बोलायला लावू नये.

मग त्यांनी नवरीची यादी समोर ठेवली आणि पेन्सिलीनं एकेका शब्दासमोर आकडा लिहीत गेले. रंगीत धूर. तो पेटवावा लागतो, म्हणजे अभयारण्यात आग लावायला मनाई करणारं कलम तीस. धुराच्या नळीत रसायन, म्हणजे रसायनं आणि स्फोटकं यांचं कलम बत्तीस. मग ते तलवारीपाशी आले आणि थांबले.

“तलवार खरी का खोटी?”

“भाड्याची आहे. धार नाही.”

“शस्त्र घेऊन जायाचं कलम एकतीस. आता धार नसलेली तलवार शस्त्र होते का, हे तुमी गेटवरच्या पोट्ट्यासंगं बोलसान?”

तीस, एकतीस, बत्तीस. एका नवरीच्या एका ओळीत ओळीनं तीन कलमं. मला वाटतं कायदा लिहिणाऱ्यांनी शिकारी आणि लाकूडचोर डोळ्यांसमोर ठेवले होते, पण तो बरोबर बसला दर्यापूरच्या नवरदेवाला. त्यांनी विचारलं, “त्या दिवशी स्टँड कसा नेला होता?” पाठीवर आडवा, मी म्हटलं. ते हसले नाहीत. “नशीब तुमचं लांबून कोनी पाह्यलं नाय.”

नरनाळ्याचं तर बोलायलाच नको. अकोट तालुक्यातला हा किल्ला, त्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, नक्षी अशी की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. तिथंही तेच, किल्ला पुरातत्त्वाचा आणि भोवती अभयारण्य. त्यावर ड्रोन. म्हणजे तिसरा मालक आकाशाचा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्याला हौस म्हणून उडवलं तर लागत नाही, पैसे घेऊन उडवलं तर लागतं. तोच ड्रोन, तेच आभाळ, खिशात पैसे आले की नियम बदलला. आमच्या ड्रोनवाल्या पोरानं छाती फुगवून सांगितलं, “माह्या २४९ ग्रॅमचा हाय, ताई.” पण आभाळ मोकळं असलं तरी खालचं जंगल मोकळं नव्हतं. नरनाळा मी यादीतून खोडला. नवरीचं माहेर तिथून जवळ, ती दोन दिवस बोलली नाही.

शकुंतलेबद्दल बाबांना आशा होती. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. नॅरोगेज. १९२३ पासून १९९४ पर्यंत मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला ओढायचं. आता गाडी बंद आहे, रुळांत बाभळी उगवल्यात, मग कोण विचारतंय? पण रूळ गंजले तरी हद्द गंजत नाही. रेल्वेच्या कायद्याचं कलम १४७, विनापरवाना हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धंद्याच्या चित्रीकरणाला रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आणि परवाना शुल्क. शिवाय ही लाइन मुळात एका इंग्रज कंपनीनं कापूस वाहायला टाकलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी किलिक निक्सनच्या कंपनीकडेच राहिली, हे वऱ्हाडात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. बाबांनी शांतपणे विचारलं, “मंग आता लंडनले अर्ज कराचा का?”

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा फोन आला. मी रडगाणं गायले तर तो म्हणाला, इकडे आता सोपं झालंय. अमेरिकेत २००० सालच्या कायद्यानं राष्ट्रीय उद्यानांत धंद्यासाठी चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना आणि शुल्क होतं, मग तो एकटा का असेना. गॉर्डन प्राइस नावाच्या एका छोट्या चित्रपटकारानं व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनच्या रणभूमीवर परवान्याशिवाय चित्रण केलं, त्याला दंडाची पावती मिळाली, तो सरकारविरुद्ध कोर्टात गेला. खालच्या कोर्टात २०२१ मध्ये जिंकला, अपिलात २०२२ मध्ये हरला. आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता सहापेक्षा कमी माणसं असतील, सामान हातात वाहून नेण्याजोगं असेल, लोकांना जिथं एरवी जाता येतं तिथंच काम असेल आणि कुणाला त्रास होत नसेल, तर परवाना नको आणि फीही नको. पैसे कमावता की नाही, हे तिथं आता कुणी विचारत नाही.

मी फोन ठेवून बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “म्हंजे त्याइनंही मानसंच मोजली.” आणि डोळ्यांत थेंब टाकायला आत निघून गेले.

आपल्याकडेही एक खिडकी आहे. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीमार्फत चित्रीकरणाच्या परवानग्यांची एक खिडकी योजना चालते, आणि केंद्राचं इंडिया सिने हब आहे. मी दोन्ही उघडून पाहिली. निर्मिती संस्थेचं नाव, दिग्दर्शक, ताफा. आमच्या ताफ्यात मी, चुलतभाऊ आणि मेकअपवाली वहिनी. खिडकी चांगली आहे, पण ती ज्यांच्या गाड्या वळवायला मोठं अंगण लागतं त्यांच्यासाठी उघडली आहे असं मला वाटलं. राजापेठेतल्या गल्लीतल्या स्टुडिओनं त्या खिडकीतून डोकं घालावं तर पाय इकडेच राहतात. माझं मत आहे की छोट्या कामाला छोटा दर असावा, माणसांच्या संख्येवर. फुकट नको. फुकट झालं तर उद्या दिल्ली दरवाज्यात पंचवीस नवरदेव पंचवीस तलवारी घेऊन उभे राहतील आणि त्यांचे पंचवीस फोटोग्राफर एकमेकांच्या फ्रेममध्ये. पण पन्नास हजार आणि शून्य यांच्यामध्ये एखादी पायरी हवी.

पूल तेवढा झाला. एका निवृत्त हवालदारकाकांनी समजावलं की रस्ता अडवायचा, दिवे लावायचे, गर्दी जमवायची असेल तर आधी पोलिसांकडे आणि महापालिकेकडे लेखी द्यायचं. आम्ही दिवेही लावले नाहीत, थांबलोही नाही. नवरदेवाच्या स्कूटरवर दोघं, मागं चुलतभावाच्या गाडीवर मी उलटी बसलेली, कॅमेरा हातात. तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत पुलाखालून बडनेऱ्याची गाडी गेली आणि तिच्या खिडक्यांचे दिवे खालून दोघांच्या चेहऱ्यावर धावले. ते मला कोणत्याही परवान्यानं मिळालं नसतं.

गाविलगडावर आम्ही चौघं गेलो, तिकीट काढून, साध्या कपड्यांत. नवरीनं सुती साडी नेसली होती. ना स्टँड, ना धूर, ना तलवार, ना व्हिडिओ. पहारेकऱ्यांनी ओळखलं. माझे रिकामे हात पाहून म्हणाले, “आता शिकल्या.” त्यांनीच सांगितलं की दिल्ली दरवाज्यावरच्या पक्ष्यावर ऊन कधी पडतं.

व्हिडिओ शेवटी दर्यापूरला नवरदेवाच्या आजोबांच्या शेतात केला. खारपाण पट्ट्यातली काळी जमीन, पऱ्हाटी कमरेएवढी. खाजगी जागा, मी सुटकेचा श्वास सोडला होता. आजोबा बांधावर येऊन उभे राहिले.

“मानसं किती?”

“सात.”

“पऱ्हाटीत पाय ठेवाचा नाय. बांधावरूनच चालाचं. कपाशीले पानी, तेल, रंग काय लावू नका. मोटारीच्या वायरले हात नाय. आन बैलाइच्या गोठ्याकडं कोनी जायाचं नाय, बिचकतात.”

मी मान हलवत होते आणि मला नमुना क्रमांक ९ आठवत होता. आजोबांची फी मात्र ठरलेली होती, दुपारचं जेवण तिथंच, वांग्याची भाजी आणि कण्या. शंका म्हणून मी स्टँडबद्दल विचारलं.

“लाव ना. पन वखरलेल्या जागेत. पेरलेल्यात नको.”

पस्तीस हजारांतले सहा मला उरले. पहिल्या कामाला एवढे पुरे. दुकानात आता एक वही केली आहे. चौकशी आली की आधी जागा लिहायची, मग तिच्यापुढं मालकाचं नाव, आणि दुसरा मालक असला तर त्याचं. तिसऱ्यासाठी थोडी जागा सोडलेली आहे. फीचा रकाना सगळ्यात शेवटी. बाबांनी वहीला खाकी कव्हर घालून दिलं.

परवा अकोल्याहून फोन आला. बाळापूरच्या किल्ल्यावर शूटिंग हवं होतं. मी वही उघडली. किल्ला कोणाचा, लिहिलं. माणसं किती, विचारलं.

“पाच. अन् एक घोडा.”

“घोडा कोणाचा?” मी विचारलं.